तारण आज, आत्ता: पवित्र शास्त्र काय सांगते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारण म्हणजे मेल्यावर स्वर्गात जाणे, एवढेच ना?

नाही. मरणानंतरची आशा तारणात आहेच, आणि ती कमी लेखायची नाही. पण तारण तेवढ्यावर आणून ठेवले की बायबलमधल्या नव्या कराराचा मोठा भाग आपल्या हातून निसटतो. प्रेषित पौल कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै शहरातल्या मंडळीला (चर्चला), लिहितो की देवाने आपल्याला अंधाराच्या सत्तेतून सोडवून आपल्या प्रिय पुत्राच्या राज्यात आणून ठेवले आहे (कलस्सै १:१३). हे पत्र ज्यांच्या हाती पडले ते लोक जिवंत होते, बाजारहाट करत होते, संसार चालवत होते. त्यांचे 'आणून ठेवणे' होऊन गेले आहे, असे पौल त्यांना सांगतो.

पापांची क्षमा, देवाशी समेट, त्याचे लेकरू म्हणून स्वीकारले जाणे, पवित्र आत्म्याची सोबत, पापाच्या सत्तेतून सुटका, नवे वागणे हे सगळे शास्त्र तारणातच मोजते. यातल्या एकाही गोष्टीसाठी मरणाची वाट पाहावी लागत नाही.

तारण आजच मिळते असे येशूने स्वतः कुठे म्हटले आहे?

सर्वांत ठळक ठिकाण लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) १९ वा अध्याय. यरीहो गावातला जक्कय हा मुख्य जकातदार, श्रीमंत आणि लोकांच्या मनातून पार उतरलेला. बुटका असल्याने गर्दीत त्याला काही दिसेना, म्हणून तो पुढे धावत जाऊन उंबराच्या झाडावर चढला. येशू त्या झाडाखाली आला, वर पाहिले, त्याला नावाने हाक मारली आणि म्हणाला की त्वरा करून खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे.

इथे घटनांचा क्रम नीट पाहावा. येशू आधी त्याच्या घरी जातो. तोवर जक्कयाने कसलीच कबुली दिलेली नाही, एक पैसाही परत केलेला नाही. बाहेर लोक कुरकुरतात की हा पापी माणसाच्या घरी उतरायला गेला. त्यानंतर जक्कय उभा राहून बोलतो: प्रभू, माझे अर्धे धन मी गरिबांना देतो, आणि कोणाचे अन्यायाने काही घेतले असेल तर चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे आपण होऊन कबुली देणाऱ्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढेच द्यावे लागे (गणना ५:७). चौपट भरपाई मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला होती (निर्गम २२:१). जक्कयाने स्वतःला चोराच्या रांगेत उभे केले आणि चोराचीच भरपाई कबूल केली.

यावर येशू म्हणतो, "आज या घराला तारण प्राप्त झाले आहे." जक्कय कधी मेला, मेल्यावर कुठे गेला, याबद्दल लूक चकार शब्द काढत नाही. तारण आले ते त्या घरात, हिशेबाच्या वह्या असतील त्या खोलीत, त्याच दिवशी.

याच्या आधीच्याच अध्यायात एक श्रीमंत अधिकारी येशूकडे येतो आणि सार्वकालिक जीवन मिळावे म्हणून काय करू असे विचारतो (लूक १८:१८). सर्व विकून गरिबांना वाटून दे आणि माझ्यामागे ये, हे ऐकून तो खिन्न होतो. ऐकणारे विचारतात, तर मग कोणाचे तारण होईल? येशू सांगतो की माणसांना जे अशक्य ते देवाला शक्य आहे. पाठोपाठ जक्कय येतो, तोही श्रीमंतच. लूकने या दोन गोष्टी अशा जवळ ठेवल्या आहेत की अशक्य ते शक्य झालेले वाचकाला लगेच दिसावे.

लूकच्या शुभवर्तमानात हा 'आज' सुरुवातीपासूनच ऐकू येतो. मेंढपाळांना देवदूत सांगतो की आज तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे (२:११). नासरेथच्या सभास्थानात येशू यशया संदेष्ट्याचे वचन वाचतो आणि म्हणतो की हा शास्त्रलेख आज पूर्ण झाला आहे (४:२१). म्हातारा शिमोन तान्ह्या येशूला हातांत घेऊन देवाला म्हणतो की माझ्या डोळ्यांनी तुझे तारण पाहिले आहे (२:३०). त्याने पाहिले ते एक बाळ. वधस्तंभ अजून पुढे होता, रिकामी कबर पुढे होती, आणि तरी शिमोन 'पाहिले' म्हणतो.

हा लूकचाच विशेष आहे का? इतर लेखक काय म्हणतात?

योहान तर याहून स्पष्ट बोलतो. जो माझे वचन ऐकतो आणि ज्याने मला पाठवले त्याच्यावर विश्वास ठेवतो, त्याला सार्वकालिक जीवन प्राप्त झाले आहे आणि तो मरणातून जीवनात पार गेला आहे, असे येशू म्हणतो (योहान ५:२४). पुढे प्रार्थनेत येशू सार्वकालिक जीवन काय ते सांगतो, तेव्हा वर्षांची किंवा काळाची मोजणी करत नाही. एकाच खऱ्या देवाला आणि ज्याला त्याने पाठवले त्या येशू ख्रिस्ताला ओळखावे, हेच सार्वकालिक जीवन (१७:३). ओळख वाढते, दाट होते, पण तिची सुरुवात आजच होऊ शकते.

मला या विषयावरचा सर्वांत मोलाचा उतारा योहान ११ वाटतो. बेथानीचा लाजर मरून चार दिवस झाले आहेत. येशू येतो आहे हे कळताच लाजराची बहीण मार्था गावाबाहेर त्याला भेटायला जाते, दुसरी बहीण मरीया घरातच बसून राहते. मार्थाचे पहिले वाक्य असे: प्रभू, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. येशू म्हणतो, तुझा भाऊ पुन्हा उठेल. ती म्हणते, शेवटल्या दिवशी पुनरुत्थानाच्या वेळी तो उठेल हे मला ठाऊक आहे.

मार्थाचा विश्वास खरा आहे, तिचे धर्मज्ञानही बरोबर आहे. पण तिचे एक वाक्य चार दिवस मागे जाते आणि दुसरे जगाच्या शेवटापर्यंत पुढे. आपण ज्या रस्त्यावर उभी आहोत तिथे प्रभू काय करू शकेल, याला तिच्या बोलण्यात फारशी जागा उरलेली नाही. देवाकडे जे मागाल ते तो देईल एवढे ती म्हणते खरी, पण कबरेपाशी धोंड काढायची वेळ येते तेव्हा तीच अडवते, आता त्याला दुर्गंधी येत असेल म्हणून. तिला येशू उत्तर देतो, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे." शेवटल्या दिवसाची आशा तो खोडून काढत नाही. तो दिवस ज्याच्या हातात आहे तो तिच्या समोर उभा आहे, हे तो तिला दाखवतो.

लाजर उठला, पण कायमचा अमर झाला नाही. पुढच्याच अध्यायात मुख्य याजक त्यालाही जिवे मारायचा बेत करतात (१२:१०). म्हणजे बेथानीत जे घडले ते शेवटच्या दिवसाची चुणूक होती. शेवटचा दिवस अजून यायचाच आहे.

पौल कधी 'तारण झाले आहे' म्हणतो, कधी 'होत आहे', कधी 'होईल'. यातले खरे कोणते?

तिन्ही खरी. इफिसकरांना तो लिहितो की कृपेने विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे (२:८). करिंथकरांना लिहिताना तो आपल्याला 'तारण होत असलेले' म्हणतो (१ करिंथ १:१८). आणि रोमकरांना सांगतो की ख्रिस्ताच्या रक्ताने आपण नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरलो आहोत, तर त्याच्या द्वारे देवाच्या क्रोधापासून नक्कीच तारले जाऊ (रोम ५:९).

पौलाचा गोंधळ उडालेला नाही. ख्रिस्ताने वधस्तंभावर केलेले काम पूर्ण आहे, त्यात कोणी भर घालू शकत नाही, म्हणून 'झाले'. आत्मा त्या कामाची फळे आपल्यात रोज घडवतो, म्हणून 'होत आहे'. शरीराचे पुनरुत्थान आणि सृष्टीची सुटका बाकी आहे, म्हणून 'होईल'. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात तो हे सगळे जोडून दाखवतो: आपण विश्वास ठेवला तेव्हापेक्षा आता तारण आपल्या अधिक जवळ आले आहे, म्हणून झोपेतून उठा.

इफिसकरांस पत्रात पौल पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा विसार म्हणतो (१:१४). विसार दिला की सौदा पक्का होतो. तो पुढच्या पूर्ण रकमेचाच भाग असतो, आणि तो हातात पडलेला असतो. आत्ता काय मिळाले आणि काय यायचे आहे, हे याहून नेमके सांगता येईल असे मला वाटत नाही.

जुन्या करारात ही कल्पना आहे का?

भरपूर. किंबहुना नवा करार ती तिथूनच घेतो. तांबडा समुद्र पुढे, मिसरचा राजा फारो याचे रथ मागे, अशा वेळी मोशे इस्राएली लोकांना म्हणतो की भिऊ नका, स्थिर उभे राहा आणि परमेश्वर आज तुमचे तारण कसे करील ते पाहा (निर्गम १४:१३). पलीकडच्या किनाऱ्यावर पोहोचल्यावर ते गातात की परमेश्वर माझे तारण झाला आहे. पुढची चाळीस वर्षांची रानातली वाट अजून चालायची होती. तरी ते गुलामगिरीतून सुटलेले होते, आणि ते त्यांना माहीत होते.

योनाच्या पुस्तकात एक बारीक गोष्ट आहे. "तारण परमेश्वरापासूनच होते" हे वाक्य योना माशाच्या पोटात असताना म्हणतो (योना २:९). मासा त्याला कोरड्या जमिनीवर ओकून टाकतो ते त्यानंतरच्या वचनात. सुटकेचे स्तोत्र अंधारातच म्हणून झाले होते.

पौल २ करिंथ ६:२ मध्ये "पाहा, आताच तारणाचा दिवस आहे" असे लिहितो, तेही यशयाच्या ४९ व्या अध्यायातले वचन पुढे ठेवून. बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना दिलेले अभिवचन तो करिंथ शहरातल्या मंडळीच्या दारात आणून ठेवतो.

तारण झाले असेल तर आजार, अन्याय, मरण का चालू आहे?

हा प्रश्न ज्याच्या मनात येत नाही त्याने बहुधा रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय नीट वाचलेला नसतो. त्या अध्यायाची सुरुवात 'आता दंडाज्ञा नाही' अशी होते. मधोमध मात्र सगळी सृष्टी कण्हत आहे, आणि ज्यांना आत्म्याचे प्रथमफळ मिळाले आहे ते आपणही आपल्या शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हत आहोत, असे पौल लिहितो. दंडाज्ञा नाही आणि कण्हणे आहे, हे दोन्ही एकाच माणसाबद्दल आहे.

पौलाने स्वतःच्या शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. उत्तर आले: "माझी कृपा तुला पुरे आहे" (२ करिंथ १२:९). काटा तसाच राहिला. म्हणून आजारी माणसाला 'तुझा विश्वास कमी, म्हणून तू बरा होत नाहीस' असे सांगणे मला क्रूर वाटते, आणि त्याला शास्त्राचा आधारही नाही. देव बरे करतो, आणि त्यासाठी प्रार्थना जरूर करावी. पण बरे न होणे ही तारण न झाल्याची खूण नव्हे.

उलट टोकाची चूकही पहिल्या शतकातच झाली होती. हुमनाय आणि फिलेत नावाचे दोघे पुनरुत्थान होऊन गेले आहे असे शिकवत होते आणि कित्येकांच्या विश्वासाचा नाश करत होते, असे २ तीमथ्य २:१७-१८ मध्ये लिहिले आहे. तारण आजचे आहे याचा अर्थ सगळेच आज मिळाले असा घेतला, की येणाऱ्या प्रभूची वाट पाहणेच थांबते.

विश्वास ठेवूनही माझ्याकडून पाप होते. मग माझे तारण झाले नाही असे समजू का?

नाही. योहान आपल्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांनाच उद्देशून म्हणतो की आपल्या ठायी पाप नाही असे म्हणालो तर आपण स्वतःला फसवतो, आणि पापे कबूल केली तर क्षमा करायला देव विश्वसनीय आहे (१ योहान १:८-९). तारण झालेला माणूस पापाच्या दंडातून सुटलेला असतो आणि पापाच्या सत्तेशी झगडत असतो. झगडा चालू आहे हे जिवंतपणाचेच लक्षण आहे. काळजी करावी ती झगडा थांबला आणि पापाशी सलोखा झाला तर.

मला आतून काहीच जाणवत नाही. तरीही तारण आहे?

भावना येतात आणि जातात, आणि शास्त्र तारणाचा पाया त्यांच्यावर घालत नाही. तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावे म्हणून मी हे लिहिले आहे, असे योहान सांगतो (१ योहान ५:१३). लिहिलेले वचन वाचून कळावे, ही त्याची अपेक्षा आहे. तोच दुसरी खूणही देतो: आपण बंधूंवर प्रेम करतो, यावरून आपण मरणातून जीवनात गेलो आहोत हे आपल्याला माहीत आहे (३:१४). मनाची पोकळी जास्त दिवस राहिली तर एकट्याने कुढत बसू नका. पाळकाशी किंवा विश्वासातल्या एखाद्या जाणत्या माणसाशी बोला, आणि त्यामागे शरीराचे किंवा मनाचे दुखणे असेल तर डॉक्टरांकडेही जा.

तारण कृपेने आहे, तर चांगली कामे कशासाठी?

इफिस २:८-९ आणि २:१० एका श्वासात वाचावे. तारण कर्मांनी नाही, कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून. आणि लगेच पुढे, आपण सत्कृत्ये करण्यासाठी ख्रिस्त येशूत निर्माण केलेले आहोत.

फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी याचे चांगले उदाहरण आहे (प्रेषितांची कृत्ये १६). पौल आणि त्याचा सहकारी सीला त्याच्या तुरुंगात आहेत. मध्यरात्री भूकंप होतो, दरवाजे उघडतात. कैदी पळाले असे समजून तो तलवार उपसून जीव द्यायला निघतो. पौल ओरडतो, स्वतःला इजा करून घेऊ नकोस, आम्ही सगळे येथेच आहोत. माझे तारण व्हावे म्हणून काय करू, या प्रश्नाला उत्तर मिळते की प्रभू येशूवर विश्वास ठेव. रात्रीच्या त्याच घटकेस तो पौल आणि सीला यांच्या फटक्यांच्या जखमा धुतो, घरच्यांसह बाप्तिस्मा घेतो आणि त्यांना घरी नेऊन जेवू घालतो. त्यानेच ज्यांचे पाय खोड्यात अडकवले होते त्यांच्याच त्या जखमा. त्या धुतल्या म्हणून त्याचे तारण झाले नाही. तारण झाले आणि हात आपोआप पाण्याकडे गेले.

'भीत व कापत आपले तारण साधून घ्या' हे फिलिप्पै २:१२ मधले वाक्य बरेचदा एकटेच उचलले जाते. त्याला लागूनच पुढचे आहे: कारण इच्छा करणे आणि कृती करणे हे तुमच्या ठायी साधून देणारा तो देव आहे.

सर्व ख्रिस्ती पंथ याबाबत एकच शिकवण देतात का?

तारण आजच सुरू होते यावर सर्वसाधारण एकमत आहे. फरक भर कशावर द्यायचा यात, आणि आपल्या तारणाची खात्री किती बाळगावी यात आहे. रोमन कॅथलिक शिकवणीत बाप्तिस्म्याने मिळालेली कृपा आयुष्यभर वाढवायची असते, आणि १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवले की खास प्रकटीकरण झाल्याशिवाय आपण शेवटपर्यंत टिकणारच अशी पूर्ण निश्चिती कोणी सांगू नये. लूथर आणि कॅल्विन या प्रोटेस्टंट सुधारकांच्या परंपरांनी ख्रिस्ताच्या अभिवचनावर टेकलेल्या खात्रीला फार मोठे स्थान दिले. ऑर्थोडॉक्स मंडळ्या देवाच्या जीवनात सहभागी होत जाण्यावर भर देतात.

अंतर कमीही झाले आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक मंडळी यांनी नीतिमान ठरवले जाण्याच्या शिकवणीवर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मेथडिस्ट मंडळ्यांची जागतिक परिषद २००६ मध्ये त्यात सामील झाली, आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघ २०१७ मध्ये.

मिळालेले तारण गमावता येते का?

यावर वर सांगितलेल्या पंथांत खरेच मतभेद आहेत, आणि दोन्ही बाजू शास्त्रवचने पुढे करतात: गमावता येत नाही म्हणणारे योहान १०:२८, गमावता येते म्हणणारे इब्री ६:४-६. इब्रीकरांस पत्र हा प्रश्न चर्चेसाठी सोडत नाही, ते त्याला रोजच्या कामाचे रूप देते. 'आज' म्हटलेला काळ आहे तोपर्यंत दररोज एकमेकांना बोध करा, म्हणजे कोणी कठोर होणार नाही (३:१३). तारण एकट्याने सांभाळायची वस्तू नाही, हेही त्यातून कळते.

आयुष्य फुकट गेले, आता वेळ उरला नाही, असे वाटणाऱ्याला काय सांगावे?

येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या गुन्हेगाराकडे पाहायला सांगावे. त्याला बाप्तिस्मा घ्यायला, चोरलेले परत करायला, एकही सत्कृत्य करायला वेळ नव्हता. त्याने एवढेच मागितले की आपण राजाधिकाराने याल तेव्हा माझी आठवण करा. मागणे पुढच्या कधीतरीचे होते. उत्तर मिळाले, "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" (लूक २३:४३).

हे स्वतः वाचायचे तर सुरुवात कुठून करू?

लूक १८:१८ पासून १९:१० पर्यंत एका बैठकीत वाचा, मध्ये थांबू नका. श्रीमंत अधिकारी, यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी आणि जक्कय हे तिघे पाठोपाठ येतात. मग योहान ११ आणि रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय. इफिसकरांस पत्र त्यानंतर घ्यावे, आणि शक्य तर कोणाबरोबर तरी, मोठ्याने वाचून. ही पत्रे मुळात मंडळीत वाचून दाखवण्यासाठीच लिहिलेली आहेत.